राग, अहंकार आणि सजगता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला गंगापूर रोडवरील एका स्नेह्यांच्या घरी आम्ही दहा-बारा जण दर रविवारी सकाळी तासभर एकत्र ध्यानाला बसतो. बसणे संपल्यावर चहाच्या वेळी जे प्रश्न निघतात, त्यांत रागाविषयीचे प्रश्न सर्वांत अधिक असतात आणि नवीन येणारा प्रत्येक जण थोड्याफार फरकाने तेच विचारतो. म्हणून ते येथे एकत्र केले आहेत. मी गुरू नाही. सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षे नोकरी केलेला आणि त्यातील बराच काळ तापट म्हणून ओळखला गेलेला मनुष्य आहे.

मला समोरच्याच्या चुकीचा राग येतो. त्यात माझ्या अहंकाराचा संबंध कोठे आला?

समोरच्याची चूक खरी असू शकते, ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु चूक आणि राग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये बहुतेक वेळा 'मी' उभा असतो. हे मला ज्या प्रसंगातून कळले तो सांगतो.

दुसऱ्या पाळीच्या सुरुवातीला मशीनजवळ चार-पाच जण उभे होते. माझ्या हातात व्हर्निअर हे बारीक माप घेण्याचे उपकरण होते. एक तरुण ऑपरेटर म्हणाला, "सर, हे माप जुन्या ड्रॉइंगचं आहे, नव्यात बदललंय." पुढे जे घडले त्याचा क्रम मला आजही स्वच्छ आठवतो. आधी कानाच्या पाळ्या गरम झाल्या, मग जबडा आवळला गेला, व्हर्निअर धरलेली बोटे घट्ट झाली आणि त्यानंतर मी ओरडलो, "मला शिकवतोस का?" त्या वाक्यात मापाचा उल्लेखही नव्हता, जे काही होते ते 'मला' या एका शब्दात होते. त्या पाळीत तयार झालेले सदतीस सुटे भाग रिजेक्ट झाले, कारण मुलाचे म्हणणे बरोबर होते. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की तो बरोबर आहे हे ओरडण्यापूर्वीच मला कळले होते. मला राग चुकीबद्दल आला नव्हता. चार जणांदेखत माझी मान खाली गेली, त्याचा आला होता.

आपला राग तपासायचा असेल तर तोंडून निघालेल्या किंवा मनात उमटलेल्या वाक्यातील 'मला', 'माझ्यासमोर', 'माझ्याशी' हे शब्द ऐकावेत. द्वारका चौकात एखादा रिक्षावाला पुढे घुसला की आपण म्हणतो, "त्याने मला कट मारला." तो खरे तर केवळ पुढे गेला, आपण कोण आहोत हे त्याला ठाऊकही नसते. तो 'मला' आपण जोडलेला असतो, आणि पारा चढतो तो त्या 'मला'मुळे.

सजगता म्हणजे नेमके काय? ती एकाग्रतेहून वेगळी आहे का?

वेगळी आहे. पाली भाषेतील 'सति' हा शब्द संस्कृत 'स्मृती'चेच रूप आहे. येथे त्याचा अर्थ जुन्या गोष्टी आठवणे असा नसून, या क्षणी जे घडत आहे त्याचा विसर पडू न देणे असा आहे. एकाग्रता रागातही असते, किंबहुना डूख धरून बसलेल्या माणसाइतका एकाग्र मनुष्य क्वचितच सापडेल. त्याला दिवसभर दुसरे काही सुचत नाही. त्याला एकच गोष्ट दिसत नसते, ती म्हणजे त्याचे स्वतःचे मन.

बुद्धांच्या शिकवणुकीत सजगतेची चार क्षेत्रे सांगितली आहेत : काया, वेदना (म्हणजे सुखद-दुःखद संवेदना), चित्त आणि धम्म (म्हणजे मनात येणारे विषय). चित्ताविषयी सूचना अतिशय साधी आहे. चित्तात द्वेष असेल तर 'द्वेष आहे' असे जाणावे, नसेल तर 'नाही' असे जाणावे. तेथे स्वतःला दटावण्याची, पश्चात्ताप करण्याची किंवा लगेच शांत होण्याची सूचना नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, दीर्घकाळ दुखण्याने त्रासलेल्या रुग्णांसाठी जो अभ्यासक्रम सुरू केला आणि जो पुढे जगभर गेला, त्याच्या मुळाशी हेच साधे जाणणे आहे.

इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात सतत 'राग आणि द्वेष' असे ऐकले. तेथील 'राग' म्हणजे आपला राग का?

नाही, आणि मराठी साधकांचा या शब्दापाशी हमखास गोंधळ होतो. पाली आणि संस्कृतमध्ये 'राग' म्हणजे आसक्ती, हवेहवेसे वाटणे. 'अनुराग' या शब्दात तो अर्थ अजून शिल्लक आहे. आपण मराठीत ज्याला राग म्हणतो, तो तेथे 'द्वेष' किंवा 'क्रोध' या शब्दात येतो.

तरीही एकाच शब्दाला हे दोन अर्थ लाभले, यात मला काही सांगण्यासारखे दिसते. हवे असलेले मिळाले नाही की नकोसे वाटणे सुरू होते. घरातील प्रत्येकाने माझे ऐकावे ही आसक्ती जितकी चिवट असेल, तितका एखाद्याने न ऐकल्यावर येणारा राग मोठा असतो. दुसरा राग पाहायचा असेल तर पहिलाही पाहावा लागतो.

राग येतो त्या क्षणी नेमके काय करावे?

प्रथम शरीराकडे जावे, विचारांकडे नाही. "तो असे का बोलला" या विचाराचा धागा धरला की तो आपल्याला पुढेच ओढत नेतो. उलट "छातीत काय होत आहे" हा प्रश्न माणसाला जागेवर आणतो. तळपायाची आग मस्तकाला जाणे हा वाक्प्रचार ज्याने प्रथम वापरला, त्याने राग शरीरात कसा फिरतो हे नीट पाहिले असावे. मेंदूतील अमिग्डला हा बदामाच्या आकाराचा भाग धोका हेरतो, अॅड्रिनलीन हे संप्रेरक रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आवळतात. अपमान हाही शरीराच्या लेखी धोकाच असतो. ही सज्जता शब्दांच्या आधी येते, म्हणून तोंड उघडण्यापूर्वी ती ओळखण्यास थोडी का होईना, सवड असते.

प्रत्येकाच्या शरीराची खूण निराळी असते. माझे कान गरम होतात. आमच्यातील एका ताईंच्या हातातील भांडी आधी वाजू लागतात, आणि ओट्यावर ठेवलेल्या पातेल्याचा तो आवाज कानावर येताच त्या थांबतात, दोन्ही तळहात ओट्याच्या थंड दगडावर टेकवतात आणि तीन श्वास सावकाश सोडतात. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याचा कालावधी मोठा ठेवल्यास मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या मार्फत हृदयाची गती उतरण्यास मदत होते, हे शरीरशास्त्राने दाखवलेले आहे. हे तीन श्वास समोरच्याला दिसतही नाहीत.

त्यानंतर जे आहे त्याला मनात नाव द्यावे : "राग आहे." शक्य झाल्यास अधिक नेमके नाव द्यावे, कारण पुष्कळदा तेथे राग नसून लाज, भीती किंवा थकवा असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, छायाचित्रातील चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दाने नाव दिल्यावर सहभागी व्यक्तींच्या अमिग्डलाची प्रतिक्रिया मंदावल्याचे मेंदूच्या प्रतिमांमध्ये दिसले होते. येथे "मी रागावलो आहे" असे न म्हणता "राग आहे" असे म्हणण्याचा मी आग्रह धरतो. पहिल्या वाक्यात मी आणि राग एकच झालेले असतात. दुसऱ्या वाक्यात राग ही आलेली गोष्ट आहे, आणि जे आले आहे ते जाते, हे पाहण्यास आपण मोकळे राहतो.

राग गिळून टाकल्याने आजार होतात असे म्हणतात. मग तो मोकळा केलेला बरा नाही का?

गिळणे आणि मोकळा करणे या दोनच वाटा आहेत, ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागेल. आवंढा गिळून गप्प बसलेला मनुष्य आतल्या आत तोच संवाद शंभरदा बोलत असतो. घरात अबोला धरला जातो, धुसफूस चालू राहते आणि महिनाभराने चहात साखर कमी पडल्याचे निमित्त होऊन स्फोट होतो.

मोकळा करण्याविषयीची समजूतही तितकीच सदोष आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांना मुद्दाम डिवचण्यात आले होते अशा विद्यार्थ्यांपैकी काहींना डिवचणाऱ्याला मनात आणून बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारण्यास सांगितले, तर काहींना नुसते शांत बसवले. ठोसे मारणाऱ्यांचा राग अधिक राहिला आणि त्यांचे नंतरचे वर्तनही अधिक आक्रमक झाले. ज्या गोष्टीचा सराव करावा ती वाढते, इतकाच त्याचा अर्थ आहे.

सजगता ही तिसरी वाट आहे. राग शरीरात पूर्णपणे जाणवू द्यायचा, त्याला दडपायचे नाही, मात्र त्याच्या हाती जीभ आणि हात द्यायचे नाहीत. हे पहिल्या काही वेळा अत्यंत अस्वस्थ करणारे असते, हे आधीच सांगून ठेवतो.

राग येऊन गेल्यावर लक्षात येते, त्या क्षणी येत नाही. मग या सगळ्याचा उपयोग काय?

उशिरा लक्षात येणे हीच सुरुवात आहे. आधी दुसऱ्या दिवशी कळते, मग तासाभराने, मग बोलणे चालू असताना, आणि कधी तरी तोंड उघडण्याच्या आधी. मला या प्रवासास अनेक वर्षे लागली आणि आजही काही वेळा मी मागच्या टप्प्यावर जातो. रात्री झोपण्यापूर्वी दिवसातील एकच प्रसंग घेऊन, कोण चुकले हा विषय टाळून, केवळ शरीरात काय काय आणि कोणत्या क्रमाने घडले हे आठवावे. त्याने पुढच्या वेळी खूण लवकर ओळखू येते.

मला अहंकार नाही, उलट मी स्वतःला सर्वांपेक्षा कमीच लेखतो. तरीही राग का येतो?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर पाली परंपरेतील 'मान' या शब्दात आहे. मान म्हणजे स्वतःला दुसऱ्याशी मोजणे. तो तीन प्रकारचा सांगितला आहे : मी श्रेष्ठ आहे, मी बरोबरीचा आहे, मी हीन आहे. तिसराही मानच आहे, हे प्रथम ऐकले तेव्हा मी बराच वेळ गप्प झालो होतो. स्वतःला कमी लेखणाऱ्या माणसाची मोजपट्टी खाली ठेवलेली नसते, ती उलटी धरलेली असते एवढेच. त्यामुळे कोणी सहज बोलले तरी त्याला ते टोमण्यासारखे लागते.

आपल्या मराठी घरांत हा शब्द 'मानपान' होऊन रोज वावरतो. लग्नात कोणाला आधी बोलावले, कोणाच्या हाती कोणता आहेर दिला, पंगतीत कोणाची विचारपूस राहून गेली, यावरून धरलेले रुसवे पंधरा-पंधरा वर्षे टिकल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे. थेरवाद या पाली ग्रंथांवर आधारलेल्या बौद्ध परंपरेने मनाची जी दहा बंधने मोजली आहेत, त्यांत द्वेषाचे बंधन अनागामी या शेवटून दुसऱ्या अवस्थेत तुटते, परंतु मानाचे बंधन त्याच्याही पुढे, अर्हतपदी म्हणजे पूर्ण मुक्तीला पोहोचल्यावरच तुटते असे सांगितले आहे. म्हणजे राग पूर्णपणे गेलेल्या माणसातही 'मी आहे'ची मोजणी शिल्लक असते. म्हणून "माझा राग गेला, आता अहंकारही गेला" असे कोणी लगेच धरून चालू नये.

अहंकार सोडला तर लोक डोक्यावर बसणार नाहीत का? स्वाभिमानाचे काय?

नाशिकजवळच्या पांडवलेणीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्री यांचा प्राकृत शिलालेख आहे. त्यात त्यांच्या पुत्राचे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन क्षत्रियांचा दर्प आणि मान मोडणारा असे केले आहे. ते लेणे मात्र भिक्खूंच्या निवासासाठी दान दिलेले होते, आणि तेथे राहणाऱ्यांची साधना स्वतःचा मान मोडण्याची होती. दारावरच्या भिंतीवर दुसऱ्याचा मान मोडल्याची प्रशस्ती आणि आत स्वतःचा मान पाहत बसलेले भिक्खू, हे चित्र त्या पायऱ्या चढताना माझ्या मनात नेहमी येते. त्याच लेखात असेही म्हटले आहे की अपराध केलेल्या शत्रूच्याही प्राणहिंसेची त्या राजाला रुची नव्हती. सामर्थ्य असूनही सूडाची ओढ नसणे, हे दोन हजार वर्षांपूर्वीही कोरून ठेवण्याजोगे वाटले होते.

मात्र या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक निकडीची आहे. 'अहंकार सोड' हा उपदेश बहुतेक वेळा वरचा खालच्याला करतो : सासू सुनेला, मालक कामगाराला, सवर्ण दलिताला. हा सजगतेचा गैरवापर आहे, असे मी स्पष्टपणे म्हणतो. २ मार्च १९३० रोजी आपल्या नाशिकमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे अनेक वर्षे चालवला. माणूस म्हणून बरोबरीने वागवा, ही ती मागणी होती. तिला अहंकार म्हणणे हाच मोठा अहंकार ठरेल. स्वाभिमानाला दुसऱ्याला खाली पाडावे लागत नाही, आणि तो ठाम 'नाही' शांत आवाजातही म्हणू शकतो. रागाने आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा असा मनुष्य हटवणे कठीण असते.

'मी'चा अहंकार कळतो. 'आम्ही'चा कसा ओळखावा?

तो ओळखणे अधिक अवघड आहे, कारण तो निष्ठेचा वेष घेऊन येतो. १७८९ च्या कुंभमेळ्यात स्नानाचा पहिला मान कोणाचा यावरून शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी यांच्यात रक्तपात झाला. आज वैष्णव आखाडे रामकुंडात आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात स्नान करतात, त्या व्यवस्थेमागे हा जुना वाद आहे. ज्यांनी घरदार आणि नाव सोडले होते, त्यांच्यातही मोजपट्टी उरली होती. आपल्या समाजाविषयी, पक्षाविषयी, पंथाविषयी कोणी बोलले आणि कान गरम झाले, तर खूण तीच आहे.

दहा दिवसांचे शिबिर करावेच लागते का?

करणे अनिवार्य नाही. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशात ध्यानाचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून ही विपश्यना साधना घेतली, १९६९ मध्ये ती भारतात आणली आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी हे केंद्र उभे राहिले. आपल्या जिल्ह्यातच ते असल्याने नाशिककरांना जाणे सोपे आहे. पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहणे, चौथ्या दिवसापासून शरीरभर संवेदना पाहणे, पहाटे चारला उठणे आणि दहाव्या दिवसापर्यंत मौन, असा क्रम असतो. शुल्क नसते, आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून खर्च चालतो. मला त्याचा मोठा लाभ झाला. परंतु ज्यांना तीव्र मानसिक आजार आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय जाऊ नये आणि अर्ज भरताना ही माहिती लपवू नये.

घरी रोज किती वेळ बसावे?

वीस मिनिटे, परंतु रोज. सकाळी मोबाइल हातात घेण्यापूर्वी.

घरातील तापट माणसाला हे कसे समजावावे?

समजावू नये. "तुम्ही सजग राहत नाही" हे वाक्य रागाच्या वेळी उच्चारले तर तेही शस्त्रच होते, आणि साधना करणाऱ्यांच्या हातून ही चूक वारंवार होते. आपल्याला कळते आणि त्याला कळत नाही, हा मानाचाच एक प्रकार आहे. आपण स्वतः शब्दाला शब्द न वाढवणे इतकेच आपल्या हातात असते.

कोणत्या परिस्थितीत केवळ सजगतेवर विसंबू नये?

घरात मारहाण होत असेल, तर मार खाणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या मनाकडे पाहत बसू नये; प्रथम सुरक्षित जागी जावे आणि महिलांसाठी असलेल्या १८१ किंवा तातडीच्या ११२ या क्रमांकावर मदत मागावी. ज्याचा हात उठतो त्यानेही ध्यानाला बसतो म्हणून सुटका मानू नये. त्याला समुपदेशनाची गरज आहे. दारू, सततची निद्रानाशाची तक्रार किंवा नैराश्य यांतून राग येत असेल तर मूळ आजाराचा उपचार हवा. केंद्र शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

रागाच्या भरात बोलून गेलो. आता माफी मागावी का, आणि कशी?

मागावी, आणि त्यात 'पण' हा शब्द येऊ देऊ नये. "माझं चुकलं, पण तूही सगळ्यांसमोर बोलायला नको होतंस" ही माफी नाही, तो दुसरा हल्ला आहे. 'पण' ओठांवर येतो त्या वेळी शरीरात काय होते ते अवश्य पाहावे. माफीच्या त्या अर्ध्या मिनिटात अहंकार जितका स्वच्छ दिसतो, तितका तासभराच्या ध्यानातही दिसत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्या ऑपरेटरकडे मी गेलो तेव्हा मध्ये चार महिने उलटले होते. जेवणाच्या सुटीत तो एकटा डबा उघडून बसला होता. मी म्हणालो, "त्या दिवशी तुझं माप बरोबर होतं. मी ओरडायला नको होतं." कान गरम झाले होते, ते तसेच राहू दिले. त्याने डब्याचे झाकण माझ्याकडे सरकवले, त्यात अर्धी पोळी आणि मेथीची भाजी ठेवली आणि विचारले, "सर, नवीन ड्रॉइंग आली की बोर्डावर लावायची का, सगळ्यांना दिसेल अशी?" त्या आठवड्यात आम्ही बोर्ड लावला.